मोंतेरोसो ते वेर्नात्सा, पायी

रुळावरून चालणाऱ्या माणसाची मान कायम खाली असते. ही काही नम्रता नव्हे. चौतीस वर्षं मी रेल्वेत रुळांच्या देखभालीचा इन्स्पेक्टर होतो. रोज सहा-आठ किलोमीटर पायी, एका स्लीपरवरून, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळईवरून, दुसऱ्यावर, आणि डोळे रुळांच्या जोडावर. कुठं बोल्ट ढिला झालाय, कुठं खडी सरकलीय, कुठं रूळ बोटभर खचलाय, हे मला चालता चालता कळायचं. आजूबाजूला काय आहे ते मात्र विचारू नका. अरवलीच्या डोंगरांतून दहा वर्षं हिंडलो, पण तिथं मोर असतात हे मला बायकोनं सांगितलं.

अशा चालण्यानं दोन खोडी लागतात. एक म्हणजे पाऊल स्लीपरच्या मापाचं होऊन बसतं आणि साध्या रस्त्यावरही ते बदलत नाही. दुसरी म्हणजे माणूस पुढे असतो. गँगमन मागे, इन्स्पेक्टर पुढे, अशीच रीत. २००६ साली जयपूरला निवृत्त झालो. मूळ गाव मनमाड, पण अर्धं आयुष्य राजस्थानात गेलेलं, म्हणून राजा पार्कच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर घेऊन इथंच राहिलो. आता ना रूळ होते ना गँगमन, तरी भाजीला निघालो की मी वीस पावलं पुढे आणि रत्नमाला पिशवी घेऊन मागे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसलं माझं.

नाहरगडावर फिरायला गेलो तर आणखी एक व्हायचं. मी पुढे जाऊन एखाद्या कट्ट्यावर बसायचो. दहा मिनिटांनी ती पोचायची. तोवर माझी विश्रांती झालेली असायची, म्हणून मी उठायचो आणि म्हणायचो, "चल." ती पुन्हा मागे. तेहतीस वर्षांच्या संसारात तिला कट्ट्यावर बसायलाच मिळालं नाही, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

२००८ च्या बुद्धपौर्णिमेला रत्नमाला खीर करत होती, तेव्हा उत्कर्षाचा फोन आला. उत्कर्षा आमची एकुलती एक मुलगी. इटलीत जिनोआला बंदरं बांधणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. जयपुरात वाढली, त्यामुळे तिची मराठी हिंदीचा हात धरून चालते.

"बाबा, सप्टेंबरमध्ये या तुम्ही दोघं. इथून ट्रेननी दीड तासावर पाच गावं आहेत, एकदम समुद्राला लागून. मतलब, डोंगर सरळ समुद्रात उतरतो आणि त्याच्यावर घरं. एका गावातून दुसऱ्या गावात पायवाट जाते. लोक मुद्दाम चालायला येतात."

"आणि गाडी?"

"गाडी पण आहे. पण बाबा, तिथं चालायचं असतं."

"गाडी असताना माणूस चालेल कशाला?" मी म्हणालो. रेल्वेच्या माणसाला दुसरं काय सुचणार.

रत्नमालेनं गॅस बारीक केला, हात पुसले आणि रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला. "त्यातली सगळ्यात चांगली वाट कोणती ग?" तिनं विचारलं. पलीकडून उत्कर्षा बरंच काही बोलली. रत्नमालेनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिलं: मोंतेरोसो ते वेर्नात्सा. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"मला ही एक वाट पुरी चालायचीय. या गावातून त्या गावात, आपल्या पायांनी. बाकीचं सगळं तुम्ही म्हणाल तसं."

मी हसलो. "राजा पार्कातून भाजी आणताना तीनदा थांबतेस तू. तिथं डोंगर आहे म्हणतात."

"मग थांबत थांबत चालेन," ती म्हणाली आणि खिरीकडे गेली.

तिनं माझ्याकडे काही मागितलंय असं फार थोड्या वेळा झालं असेल. हेच का मागितलं, असं मी विचारायला हवं होतं. ते मला सुचलंच नाही.

मग दोघांच्या दोन तयाऱ्या सुरू झाल्या. ती पहाटे शेजारच्या शालनताईंबरोबर चालायला जाऊ लागली. शालनताई साताऱ्याकडच्या, त्यांचे यजमान उत्तमराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आधी दोघी मोती डुंगरीपर्यंत जात, मग महिन्याभरानं डोंगरातल्या गलताजीच्या देवळाच्या पायऱ्यांपर्यंत. रत्नमालेनं बगरूच्या छापील कापडाचे दोन पंजाबी ड्रेस शिवून घेतले, कारण साडीत पायऱ्या जमत नाहीत. बूट घेतले, आणि डाव्या बुटात मोच्याकडून एक जादा तळ घालून घेतला. मला वाटलं, सैल होत असेल.

माझी तयारी टेबलावर चालली होती. उत्कर्षानं पाठवलेलं तिथल्या गाड्यांचं वेळापत्रक मी मोठ्या कागदावर उतरवून काढलं. दोन गावांमध्ये गाडीला लागतात चार मिनिटं, कुठं तीन. म्हणजे नऊ ते अकरा या दोन तासांत पाचही गावं बघून होतात. समुद्र उजव्या हाताला, म्हणून उजवीकडच्या खिडक्या धरायच्या. एकदा गाडीतून सगळं नीट दिसलं की चालायचं खूळ आपोआप उतरेल, अशी माझी अटकळ होती.

जयपूरच्या सी-स्कीम भागात व्हिसाचे कागद भरून देणाऱ्या ऑफिसात गेलो, तेव्हा टेबलामागच्या मुलीनं विचारलं, "अंकल, वहाँ जाकर क्या करेंगे?"

"रेलवे देखेंगे," मी म्हणालो.

"चलेंगे," रत्नमाला म्हणाली.

मुलीनं दोघांकडे पाहिलं आणि 'पर्यटन' लिहिलं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी शालनताई लाडू घेऊन आल्या. जाता जाता दारात थांबून मला म्हणाल्या, "भावजी, तिकडं गेल्यावर एकदा आमच्या रत्नाताईंच्या मागनं चालून बघा."

"मागनं चालायला मी काय शेवटच्या डब्यातला गार्ड आहे?" मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. विनोद त्यांना कळला नाही, असं मी धरून चाललो.

सप्टेंबरात जिनोआला पोचलो आणि दोन दिवसांनी उत्कर्षानं आम्हाला मोंतेरोसोला नेलं. पाचांतलं हे पहिलं गाव. तिथं तिनं तीन दिवसांसाठी दोन खोल्या घेतल्या होत्या. पहिला दिवस माझ्या कागदाप्रमाणे. गाडी आली, अगदी वेळेवर. मी आत घुसून उजवीकडची खिडकी धरली आणि रत्नमालेला तिथं बसवलं. गाडी सुटली आणि काळोख झाला.

बोगदा. मिनिटभर, दोन मिनिटं, तीन मिनिटं बोगदाच. मग एकदम उजेड, निळ्याचा एक तुकडा, फलाट, दार उघडलं, दार बंद झालं आणि पुन्हा बोगदा. चौतीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला हे कळू नये? जी वाट चालायला दोन तास लागतात ती गाडी चार मिनिटांत कापते, म्हणजे ती डोंगराच्या पोटातूनच जाणार. मी वेळापत्रक पाठ केलं होतं आणि डोंगराचा विचारच केला नव्हता.

काळ्या काचेत आमचे दोघांचे चेहरे दिसत होते. रत्नमाला त्यांच्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "समुद्र छान आहे हो."

उत्कर्षानं ओढणी तोंडावर धरली. संध्याकाळी जेवताना रत्नमाला एवढंच म्हणाली, "उद्या पायी."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्कर्षा म्हणाली, "मी ट्रेननी जाते, वेर्नात्सात थांबते. तुम्ही दोघंच या." मला वाटलं, पोरगी आळशी झाली. वाटेच्या तोंडाशी एका खोपटात तिकीट घ्यावं लागतं. आयुष्यभर रेल्वेच्या पासावर फिरलेल्या माणसानं चालण्यासाठी तिकीट काढलं. फळ्यावर लिहिलं होतं, दोन तास. "दीडात जाऊ," मी म्हणालो आणि निघालो. पुढे, अर्थातच.

वाट सुरुवातीलाच चढते. लिंबांच्या बागांमधून दगडी पायऱ्या, उंच-सखल, जेमतेम एका माणसापुरत्या. डाव्या हाताला दगडांच्या भिंती, उजव्या हाताला द्राक्षाच्या वेली, आणि त्यांच्याखाली सरळ समुद्र. समुद्र आहे हे मला ऐकू येत होतं. मी भिंती बघत होतो. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, आणि पाणी वाहून जायला जागोजाग फटी ठेवलेल्या. काम पक्कं होतं. मी मनातल्या मनात तिथल्या गवंड्याला चांगला शेरा दिला.

पाव तास चढल्यावर मला रूळ दिसला. खरंच रूळ, पण एकच. जमिनीपासून हातभर उंचीवर, लोखंडी खुंटांवर बसवलेला, खालच्या बाजूला दाते असलेला, आणि तो सरळ डोंगराच्या अंगावरून वर गेला होता. त्यावर खेळण्यातल्यासारखं एक इंजिन, मागे पाळण्याएवढी गाडी, तीत द्राक्षांची खोकी. द्राक्षं उतरवण्यासाठी केलेली ही त्यांची रेल्वे. मी उकिडवा बसलो. एक म्हातारा खोकी रचत होता. मी दात्यांवर बोट फिरवून वंगण बघतोय हे पाहिल्यावर त्यानं ओळखलं, हा आपल्यातला आहे. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. तरी त्यानं ब्रेक दाखवला, मी मान हलवली, मी एका ढिल्या खुंटाकडे बोट दाखवलं, त्यानं कपाळाला हात लावला. दहा मिनिटं आमचं असं छान चाललं.

तेवढ्यात रत्नमाला मागून आली. "मी होते पुढं," म्हणाली.

"हो हो, गाठतोच तुला," मी मान वर न करता म्हणालो.

ती माझ्या पुढे गेली, असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

म्हाताऱ्यानं इंजिन सुरू केलं. गाडी खडखडत वर निघाली तशी तिच्याबरोबर माझी नजरही वर गेली, आणि रुळाच्या शेजारच्या पायऱ्यांवर मला रत्नमाला दिसली. पन्नास-साठ पायऱ्या वर असेल. ती उजवा पाय वरच्या पायरीवर ठेवायची, हातानं भिंत धरायची आणि डावा पाय ओढून त्याच पायरीवर आणायची. मग थांबायची. पुन्हा उजवा. दर वेळी तिची डावी बाजू खाली जात होती, रूळ एका अंगानं खचला की डबा झुकतो तशी.

मी उभा राहिलो. हाक मारली नाही. तिला दहा पायऱ्या चढताना पाहिलं आणि मला समजलं की हे आजचं नाही. आजच्या दुखण्यानं माणूस कण्हतो, लंगडतो, तोंड वाकडं करतो. ही तर सवयीनं चढत होती. दुखण्याला कुठं वळसा घालायचा हे तिच्या अंगाला पाठ झालं होतं. वीस पावलांवरून रुळातला दोन-तीन मिलिमीटरचा दोष मी सांगायचो, आणि साहेब लोक पट्टी लावून बघायचे तर तेवढाच निघायचा. आणि माझ्या घरात दिव्याखाली अंधार.

मला भीती वाटली. मग तिचा राग आला, ही बोलली का नाही म्हणून. तो राग पायऱ्या चढेपर्यंतही टिकला नाही. भाजीची पिशवी, तीनदा थांबणं, बुटातला जादा तळ, एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली आणि शेवटी मला माझीच लाज वाटली.

"थांब," तिला गाठून मी म्हणालो. ती पायरीवर बसली. मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो.

"कधीपासून?"

"काय?"

"पाय."

"फुलेऱ्यापासून," ती म्हणाली.

फुलेरा म्हणजे जयपूरजवळचं जंक्शन. १९८६ साली मी तिथं होतो. बावीस वर्षं झाली.

"ती मालगाडी घसरली होती बघा, नऊ दिवस तुम्ही लाइनवरच होतात," ती म्हणाली. "त्यातल्या दुसऱ्या दिवशी मोरीत पडले, भरलेल्या बादलीसकट. उत्कर्षा आठ वर्षांची, तिनं शेजारच्या बाईंना बोलावलं. त्यांनी उचललं, शेकलं. तुम्ही आलात तोवर उठून स्वयंपाक करायला लागले होते."

"मी आल्यावर सांगायचंस."

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, तेल लाव." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "लावलं मग."

मला ते आठवेना. तिनं सांगितलं असेल आणि मी तसं म्हणालो असेन, यात शंका नाही, कारण ती खोटं बोलत नाही. मालगाडीचे घसरलेले अकरा डबे मला आजही नंबरासकट सांगता येतील. हे मात्र आठवेना.

"दोन वर्षं झाली, जास्तच झालंय," ती पुढे म्हणाली. "शालनताईंना घेऊन दाखवून आले. खुब्याचा सांधा गेलाय म्हणे, बदलायला लागेल. नोव्हेंबरची तारीख घेतलीय."

"उत्कर्षाला माहीत आहे?"

"तीच तर होती घरात."

"आणि मला?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर आपण आलो असतो का इथं?"

नसतो आलो. तिकिटं रद्द करून मी तिला खाटेवर झोपवलं असतं आणि वर शहाणपणा शिकवला असता.

"डॉक्टर म्हणाले, सांधा बदलल्यावर दुखायचं थांबेल, पण असल्या डोंगराच्या पायऱ्या विसरा. म्हटलं, ठीक आहे. पण त्याआधी एकदा माझ्या स्वतःच्या हाडांवर चालून बघते. एका गावातून निघायचं आणि दुसऱ्यात पोचायचं. पुरं. अर्ध्यातून कुणी आणलेलं नको."

मी उठलो. मोंतेरोसो मागे अर्ध्या तासावर होतं, आणि उतारानं. वेर्नात्सा अजून अडीच किलोमीटर. रुळाला तडा दिसला की लाल झेंडा लावायचा आणि गाडी थांबवायची. तिथं विचार करायचा नसतो, तशी शिकवणच असते. "चल," मी म्हणालो आणि हात पुढे केला. "परत फिरू. गाडीनं जाऊ."

तिनं हात धरला नाही. "प्रत्येक ठिकाणी लाल झेंडाच लावता का हो तुम्ही? कॉशन पण देता ना?"

कॉशन म्हणजे काय हे सांगायला हवं. रूळ जिथं अशक्त असतो पण तुटलेला नसतो, तिथं लाइन बंद करत नाहीत. ड्रायव्हरला एक कागद देतात: अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत सावकाश जा. गाडी जाते, फक्त हळू जाते. तीस वर्षं माझ्या ताटात भाकरी वाढताना तिनं हे ऐकलं होतं. नियमाच्या पुस्तकाप्रमाणे ती बरोबर होती.

"तू हो पुढं," मी म्हणालो.

मागे चालणं इतकं अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं. माझं पाऊल स्लीपरच्या मापाचं, तिचं त्याच्या निम्मं. पहिल्या शंभर पायऱ्यांत मी दोनदा तिच्या टाचेला ठोकर मारली. "गार्डसाहेब, ब्रेक," ती म्हणाली. शालनताईंचं आणि माझं दारातलं बोलणं तिच्याही कानावर गेलेलं दिसत होतं. मग मी ठरवलं, तिचा डावा पाय टेकल्याशिवाय आपला उचलायचा नाही. तासाभरानं ते जमलं. ती थांबली की मी थांबायचो, आणि थांबल्यावर खाली बघण्यासारखं काही नसायचं, म्हणून वर बघायचो. तेव्हा मला तो समुद्र दिसला. फार खाली होता, आणि एक होडी त्यावर इतकी सावकाश चालली होती की ती हलतेय हे कळायला वेळ लागायचा. मागून तरुण पोरंपोरी यायची, आम्ही भिंतीला चिकटून त्यांना वाट द्यायचो, ती हसून काहीतरी म्हणायची.

एका वळणावर लाकडी बाक होतं. ती बसली. मीही बसलो. तिनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. खाऊन झालं, पाणी पिऊन झालं, हात पुसून झाले. ती मला निरखत होती, हा आता 'चल' म्हणणार म्हणून. मी म्हणालो नाही. पाऊण तास आम्ही तिथं बसलो.

"फुलेऱ्याला तुम्ही रोज एवढं चालायचात," ती म्हणाली, "मला वाटायचं, काय काय बघून येत असतील. विचारलं की बोल्टचं सांगायचात."

"बोल्टच बघितले ग."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावरचे दशमीचे तुकडे झटकले.

शेवटचा भाग उताराचा. चढापेक्षा उतार वाईट, हे तिच्या श्वासावरून कळत होतं. तिथं मला पुढे व्हावं लागलं, कारण तिला टेकायला काहीतरी हवं होतं. मी एक पायरी खाली, तिचा हात माझ्या खांद्यावर. ती भार टाकायची तेव्हा तिचं दुखणं माझ्या खांद्यात बोटांनी रुतायचं, आणि मी ते मोजत नव्हतो, नुसता उभा राहायचो. एकदा ती म्हणाली, "आता नाही होत." मी विचारलं, "बसायचं का?" ती म्हणाली, "नाही, नुसतं म्हणून बघितलं." आणि पुढची पायरी उतरली.

मग खाली गाव दिसलं. पिवळी, गुलाबी घरं एकमेकांना खेटून, एक बुरूज, इवलंसं बंदर. आम्हाला चार तास वीस मिनिटं लागली होती. शेवटच्या पायरीवरून तिनं दोन्ही पाय गावाच्या फरशीवर ठेवले आणि माझ्या खांद्यावरचा हात काढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दुखतंय म्हणून, का पोचलीस म्हणून?" मी विचारलं.

"दोन्ही," ती म्हणाली.

उत्कर्षा बंदराकडून धावत आली. तिनं आईला मिठी मारली, पण बघत होती माझ्याकडे.

"कळलं बाबा?" तिनं विचारलं.

"कळलं," मी म्हणालो.

नोव्हेंबरात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, जयपूरच्या हॉस्पिटलात आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. माणूस तरुण होता, आवाज गोड. त्यानं फाईल उघडली. "माताजी, तकलीफ दो साल से है ना?"

रत्नमाला मान हलवणार, तेवढ्यात मी म्हणालो, "बाईस साल से."

डॉक्टरनं एक्स-रे पुन्हा उजेडावर धरला. "तभी मैं सोच रहा था, चोट इतनी पुरानी क्यों लग रही है. बाईस साल तक घर में किसी ने ध्यान नहीं दिया?"

"अहो, जाऊ द्या ना," रत्नमाला हळूच मला म्हणाली. आणि मीच कुणाला बोलले नाही, असं डॉक्टरला सांगायला तिनं तोंड उघडलंही होतं.

रेल्वेत अपघात झाला की चौकशी बसते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, त्या वेळी ड्यूटीवर कोण होतं. असल्या चौकश्यांना मी कितीतरी वेळा उभा राहिलो आणि दर वेळी, खरं असो वा नसो, माझं नाव त्या कागदावर येणार नाही याची काळजी घेतली. या कामात मी फार हुशार होतो.

"ड्यूटी पर मैं था, डॉक्टर साहब," मी म्हणालो.

त्याला काही अर्थबोध झाला नसावा. त्यानं दोन खोडून बावीस लिहिलं आणि संमतीचा कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. रत्नमाला या वेळी 'जाऊ द्या' म्हणाली नाही.